पायाला सोपं, डोक्याला अवघड

सह्याद्रीत पंधरा वर्षं भटकलात, मॅसॅच्युसेट्सला आल्यावर जिओकॅशिंगचा, म्हणजे जीपीएसवर अक्षांश-रेखांश बघून लोकांनी लपवलेले डबे शोधायच्या खेळाचा, नाद लागला, तीनशेच्या वर डबे सापडले, आणि येत्या उन्हाळ्यात गंभीर आजारी मुलांच्या कॅम्पवर स्वयंसेवक म्हणून मुलांना डबे शोधायला न्यायचंय, असं तुम्ही लिहिलंय. मार्ग कसा आखायचा, काळजी काय घ्यायची, मुलांशी बोलायचं काय, असे तुमचे प्रश्न. शिवाय पुण्याला सुट्टीवर गेल्यावर तिथे असं काही जमेल का, हा एक जाता जाता विचारलेला.

मी न्यू इंग्लंडमधल्या अशाच एका कॅम्पवर अकरा उन्हाळे हेच करतेय. मी नर्स नाही, डॉक्टर नाही. एरवी बँकेचं सॉफ्टवेअर तपासते. त्यामुळे खाली आजारांबद्दल जे येईल ते कॅम्पच्या नर्सेसनी शिकवलेलं आणि मी चुकल्यावर बोलणी खाऊन पाठ झालेलं आहे असं समजा. तुमच्या कॅम्पची नर्स वेगळं सांगेल तर तिचं खरं.

आधी माझी चूक सांगते, कारण बाकी सगळं तिच्यातूनच आलंय.

दुसरा उन्हाळा असेल. पाच मुलांचा गट. त्यातला एक दहा-अकरा वर्षांचा, टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, दोन्ही घोट्यांना प्लास्टिकचे आधार. रक्ताच्या कर्करोगावर व्हिंक्रिस्टिन नावाचं औषध देतात, त्याने पायाच्या नसा दुखावतात आणि पाऊल पुढून उचलत नाही, म्हणून ते आधार. डबा होता लाकडी पुलाच्या कठड्यात. कठड्याला ओळीने बोल्ट होते, त्यांतला एक खोटा, आतून पोकळ, आत गुंडाळलेला कागद. बाकीची मुलं कंटाळून बेडूक बघायला गेली. हा एकटा एकेक फळी हाताने चाचपत होता. दहा मिनिटं झाली. मला राहवेना. औषधाची वेळ जवळ येत होती, आणि खरं सांगायचं तर मला त्याची दया आली. मी म्हटलं, "त्या टोकाला बघितलंस का रे?" आणि हनुवटीने दाखवलंही.

तो गेला, बोल्ट फिरवला, कागद बाहेर काढला. बघितला. पुन्हा गुंडाळला, आत सरकवला, बोल्ट घट्ट केला. "हा तू शोधलास," म्हणाला. त्या कागदावर, म्हणजे लॉगवर, ज्याला डबा सापडला त्याने सही करायची असते, ती केली नाही. मी पेन्सिल पुढे केली तर माझ्याकडे न बघता म्हणाला, "मला सगळं लोक काढूनच देतात."

तेव्हापासून माझे हात खिशात असतात. अक्षरशः. नजरसुद्धा डब्याकडे जाऊ देत नाही. या मुलांना मोठ्या माणसांचे चेहरे फार लवकर वाचता येतात. रिपोर्ट आले की खोलीत शिरणाऱ्या डॉक्टरचा चेहरा बघूनच त्यांना कळतं. तुमची नजर कुठे अडखळली, हे त्यांना कळणार नाही असं समजू नका.

तर मार्ग. तुम्हाला माहीतच आहे, प्रत्येक डब्याला दोन आकडे असतात, एक शोधायला किती अवघड आणि दुसरा भूभाग किती अवघड. दोन्ही एक ते पाच. नवे स्वयंसेवक दोन्ही आकडे एकदम खाली आणतात. आजारी मुलं, म्हणून सपाट वाट आणि वर डबाही समोरच ठेवलेला. असं करू नका. भूभाग एकच ठेवा, म्हणजे चाकाची खुर्ची आरामात जाईल असा, पण शोधणं तीनपर्यंत खुशाल न्या. पहिला डबा तेवढा सोपा असू दे, पाच मिनिटांत सापडेल असा, म्हणजे खेळ काय आहे ते कळतं आणि हात गरम होतो. मग चढवत न्या. माझ्या एका फेरीत चार डबे असतात, एकूण चाल चार-पाचशे मीटर, वेळ पाऊण तास ते तास. राजगडाच्या वाटा तुडवलेल्या माणसाला हे हास्यास्पद वाटेल. एखाद्या मुलासाठी तीच त्या महिन्यातली सगळ्यात लांब चाल असते.

आखताना रिकामी चाकाची खुर्ची मागून घ्या आणि स्वतः बसून फिरा. ढकलू नका, बसा. रेती, झाडांची मुळं, फळ्यांमधल्या फटी, दोन इंचांची पायरी, हे सगळं उभ्याने दिसतच नाही. खेळाच्या साइटवरच्या सार्वजनिक डब्यांवर "भूभाग एक" असं लिहिलेलं असलं तरी भरवसा ठेवू नका. तो आकडा डबा ठेवणाऱ्याने आपल्या अंदाजाने टाकलेला असतो, आणि त्याला पाय आहेत.

खुर्चीत बसल्यावर आणखी एक गोष्ट सापडते. बसलेल्याच्या डोळ्यांना जे दिसतं ते उभ्याला दिसत नाही. बाकाच्या पाटीची खालची बाजू, माहितीफलकाच्या चौकटीच्या आतली कड, टेबलाखालचा आडवा दांडा. चारांतला एक डबा मी नेहमी अशा जागी ठेवते. जमिनीपासून दोन ते साडेतीन फूट, हात पुढे केला की लागेल असा. याची जाहिरात करायची नाही. उभी मुलं झाडाच्या फांद्या धुंडाळत राहतात आणि खुर्चीतली मुलगी गप्पपणे म्हणते, "सापडला." खेळात याला आधीपासून मान आहे. ज्याला दिसला त्याने ओरडायचं नाही, लांब जाऊन साळसूदपणे उभं राहायचं, म्हणजे बाकीच्यांचं शोधणं बिघडत नाही.

यंत्राबद्दल. फोनपेक्षा हातात धरायचं, बटणांचं जीपीएस यंत्र बरं. उन्हात पडदा दिसतो, पडलं तरी फुटत नाही, आणि बोटांत बधिरपणा असलेल्या मुलांना काचेवर बोट फिरवण्यापेक्षा बटण दाबणं जमतं. पण त्यात एक खोच आहे आणि ती निरोगी माणसाला कधी कळत नाही. स्वस्त यंत्रांत होकायंत्र नसतं. तुम्ही कुठून कुठे सरकलात त्यावरून ते दिशा काढतं. तुम्ही-मी चालतो त्या वेगाने बाण सरळ राहतो. मूल चार पावलं टाकून थांबलं, पुन्हा दोन पावलं, की बाण भोवऱ्यासारखा फिरायला लागतो, आणि मुलाला वाटतं आपलंच चुकतंय. म्हणून आतलं होकायंत्र असलेलंच यंत्र मागा. तेही मोटारवर चालणाऱ्या चाकाच्या खुर्चीच्या हातावर चिकटवू नका, मोटारजवळ सुई बहकते. गळ्यात दोरीने बांधायचं असेल तर छातीवर औषधाची नळी किंवा पोर्ट (कातडीखाली बसवलेली औषध द्यायची जागा) आहे का ते आधी नर्सला विचारा. मी मनगटात अडकवायची दोरी वापरते.

शेवटचे दहा मीटर यंत्र विसरायचं, हे मुलांना सुरुवातीलाच सांगा. उघड्यावर तीन ते पाच मीटरची चूक, दाट झाडीत त्याहून जास्त. "यंत्र दारापर्यंत सोडतं, घरात आपण शिरायचं," असं मी म्हणते. ही चूक जास्त वाटत असेल तर जुनी गोष्ट सांगा. अमेरिकन सरकार जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम चूक घालायचं, यंत्र शंभर मीटरपर्यंत चुकायचं. ती चूक २ मे २००० ला बंद झाली आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ऑरेगनमध्ये, पोर्टलंडजवळच्या रानात, एक काळी बादली अर्धी पुरून ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जगाला सांगून टाकले. आत पुस्तकं, काही सॉफ्टवेअर, एक गलोल आणि घेवड्याचा एक डबा होता. मुलांना बाकी काही लक्षात राहत नाही, घेवडा राहतो.

पुरणं आता खेळाच्या नियमातच बसत नाही, आणि आपल्याला ते सोयीचंच आहे. माती हा आपला पहिला शत्रू. केमोथेरपीवर असलेल्या मुलांच्या पांढऱ्या पेशी घसरलेल्या असतात. मातीत, कुजक्या पानांत, बागेत पसरलेल्या लाकडाच्या भुशात बुरशीचे बीजाणू असतात. तुमच्या-माझ्या फुफ्फुसाला त्यांचं काही वाटत नाही, या मुलांना त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून डबा पालापाचोळ्यात नको, पोकळ ओंडक्यात नको. आणि सार्वजनिक डब्यावर नेणार असाल तर त्याच आठवड्यात स्वतः जाऊन उघडून बघा. ओला झालेला लॉग, आत काळी बुरशी, कुणीतरी ठेवलेलं अर्धवट चॉकलेट, हे तुम्हीही पाहिलं असेल. तसला डबा मार्गातून काढून टाका.

आता एक गोष्ट जी मला तिसऱ्या वर्षी कळली, आणि ऐकून घाम फुटला. चुंबक. आपल्या खेळात चुंबकाचे डबे किती! लोखंडी खांबाला चिकटणाऱ्या किल्लीच्या डब्या, मघाचा तो खोटा बोल्टसुद्धा चुंबकाचाच असतो बऱ्याचदा. मेंदूत गाठ असलेल्या काही मुलांच्या डोक्यात पाणी साचतं, ते पोटात उतरवायला कातडीखालून नळी घातलेली असते. त्या नळीच्या झडपेचं माप काही प्रकारांत बाहेरून चुंबकानेच बदलतात. म्हणजे जोरकस चुंबक कानामागे नेला तर तेही माप बदलू शकतं. पेसमेकर आणि कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट यांनाही चुंबक चालत नाही. मुलं मजेत चुंबक डोक्याला लावून बघतात, लावणारच. माझ्या मार्गावर आता एकही चुंबक नाही. पट्टी, दोरी, खाच, हुक. भागतं.

डब्यातली एक वस्तू घ्यायची आणि आपली एक ठेवायची असते, त्या देवाणघेवाणीच्या वस्तूंनाही चाळणी लावा. फुगे आणि रबराची खेळणी बाद, कारण मणक्याचा जन्मजात दोष असलेल्या बऱ्याच मुलांना लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असते. खाऊ बाद. वासाचे खोडरबर, वासाच्या मेणबत्त्या बाद. वासावरून आठवलं. केमोच्या दिवसांत वास सहन होत नाही, आणि आपल्या घरातल्या जाकिटाला फोडणीचा वास असतो तो आपल्याला येत नाही. कॅम्पचे कपडे वेगळे, स्वयंपाकघरापासून लांब ठेवा. अत्तर, सुगंधी तेल नको. मला हे एका सात वर्षांच्या मुलीने नाक धरून सांगितलं.

रानाचं. इथल्या गोचिडी तुम्हाला ठाऊक असतील. लाइम रोगाला नावच कनेक्टिकटमधल्या लाइम गावावरून पडलं, १९७५ च्या सुमारास तिथल्या मुलांचे सांधे सुजू लागले तेव्हा. गोचिडीचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं, तेव्हा परतल्यावर मोजे, गुडघ्यामागे आणि केस असतील तर केसांत बघायचं. बघायचं काम कॅम्पच्या माणसांचं, तुमचं आठवण करून देण्याचं. दुसरं पॉयझन आयव्ही. तीन-तीन पानांची वेल. आपल्याकडच्या माणसाला मी एवढंच सांगते की ती बिब्ब्याच्या आणि आंब्याच्या कुळातली आहे. बिब्बा उतल्यावर काय होतं ते आजीकडून ऐकलं असेल, तेच इथे. मार्गाच्या दोन्ही बाजूंना हातभर अंतरात ती दिसली तर मार्ग बदला, वेल उपटायला जाऊ नका.

सगळ्यांना एकच नियम लावता येत नाही, हे पचायला मला वेळ लागला. उन्हात "पाणी प्या रे सगळे" असं म्हणणं आपल्या तोंडात बसलेलं असतं. सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या मुलाला पाणी कमी पडलं किंवा अंगाला एकदम गारठा लागला तर वेदनांचा झटका येऊ शकतो, त्याच्या हातात बाटली हवीच. हा आजार आपल्या गडचिरोली, नंदुरबारकडच्या आदिवासी भागांतही बराच आहे. पण त्याच गटात डायलिसिसवरचं मूल असेल तर त्याला दिवसाचं पाणी मोजून दिलेलं असतं. रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट कमी असलेल्या मुलाला घसरून पडणं परवडत नाही, तर हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठणाऱ्या, मुलाला धडपडायचीच घाई. काही औषधांनी ऊन पाच मिनिटांत भाजतं, म्हणून मी सकाळी साडेनऊला निघते आणि अकराच्या आत परत. कुणाच्या बाबतीत काय, याचा एक कागद नर्स देते. त्यात आजाराचं नाव असेलच असं नाही, "हे बघा, हे टाळा" एवढंच असतं. नाव विचारू नका, लागत नाही. अंग गरम वाटलं, थंडी वाजली, मूल नुसतं गप्प झालं, की वॉकीटॉकी उचलायची. या मुलांना ३८ अंशांचा ताप म्हणजे थेट दवाखाना. उरलेला डबा उद्या.

बोलायचं काय? तुम्ही हा प्रश्न सगळ्यात घाबरून विचारलाय, आणि उत्तर सगळ्यात छोटं आहे. डब्याबद्दल बोला. डबा कुठे आहे याची सांकेतिक लिपीतली सूचना ही त्यांची सगळ्यात आवडती गोष्ट. ए च्या जागी एन, बी च्या जागी ओ, आपल्या च-च्या भाषेची इंग्रजी बहीण. येणाऱ्या-जाणाऱ्या "मगल" लोकांना कळू न देता डबा उचलायचा, ही दुसरी. खेळ न खेळणारे म्हणजे मगल. आमच्या कॅम्पचे संचालक रोज मगल होऊन मुद्दाम डब्याशेजारी बूट बांधत बसतात, आणि मुलं झाडामागे गुदमरून हसतात. आजाराचं काही निघालं तर ते मुलंच काढतील, तेही सहज, "माझ्या रूममेटला हा आवडला असता, तो मेला" असं, पुढच्या वाक्यात पेन्सिल मागत. तुम्ही तिथे थांबून चेहरा पाडायचा नाही. "नाव काय होतं त्याचं?" एवढं विचारा. ते सांगायला त्यांना आवडतं. शूर आहेस, लढवय्या आहेस, असं काही नको.

न सापडलेल्या डब्याचंही सांगते. वेळ संपली, घंटा झाली, नाही सापडला, तर नाही सापडला. लॉगमध्ये तसंच लिहायला लावा. माझ्या त्या टोपीवाल्या मुलाने दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच डब्यासाठी पस्तीस मिनिटं घालवली. मी बाकावर बसून सफरचंद खाल्लं. सापडला नाही. तिसऱ्या दिवशी जेवणाआधी तो नर्सला ओढत घेऊन गेला आणि परत आला तो हातावर पेन्सिलीचं शिसं फासलेला. मला काहीच सांगितलं नाही. संध्याकाळी मी जाऊन लॉग पाहिला. सही होती, तारीख होती, आणि खाली "मदत: शून्य."

प्रवासी बिल्ले वापरा. क्रमांक कोरलेला धातूचा बिल्ला डब्यात सोडला की लोक तो डब्यातून डब्यात नेतात आणि साइटवर त्याचा प्रवास दिसतो. कॅम्प आठवड्याने संपतो, मूल पुन्हा वॉर्डात जातं, आणि तिथून फोनवर बघतं की आपला बिल्ला व्हरमाँटला पोचला, मग क्वेबेकला. दोन काळज्या घ्या. बिल्ल्यावर मुलाचं नाव, फोटो, कॅम्पचं नाव काही नको. आणि बिल्ले हरवतात, बरेच हरवतात, हे देतानाच सांगा. अस्सल बिल्ला मुलाकडेच ठेवून त्याची नक्कल फिरायला पाठवली की रडारड वाचते. कॅम्पच्या आवारातले डबे मात्र साइटवर टाकू नका. अनोळखी लोक अक्षांश-रेखांश घेऊन आत येणं कॅम्पला चालणार नाही.

अर्जाचं थोडक्यात. हे कॅम्प मुलांकडून पैसे घेत नाहीत, म्हणून स्वयंसेवकांवर चालतात. अभिनेते पॉल न्यूमन यांनी १९८८ साली कनेक्टिकटमधल्या अ‍ॅशफर्डला सुरू केलेला होल इन द वॉल गँग कॅम्प हा या घराण्याचा मूळपुरुष, आता त्याची भावंडं देशोदेशी आहेत. हिवाळ्यातच अर्ज करा. पोलीस पडताळणी, ओळखीच्यांची पत्रं, मुलाखत, प्रशिक्षण, सगळं होतं. एकट्या मुलाबरोबर एकट्याने कुठेही थांबायचं नाही हा नियम, फोटो काढायचे नाहीत हा दुसरा. आपल्या लोकांची अडचण वेगळीच येते. कांजिण्या आणि गोवर यांचा पुरावा मागतात. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या, कडुनिंबाच्या पाल्यावर निजवलं होतं, ही आईची साक्ष इथे चालत नाही. रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी करून घ्या, फेब्रुवारीतच. मी मे महिन्यापर्यंत थांबले आणि पहिला उन्हाळा हुकवला.

पुण्याचं. आपल्याकडे उद्यानात किंवा स्टेशनाबाहेर डबा लपवायचा विचारही करू नका. "बेवारस वस्तूला हात लावू नका" हे ऐकत आपण मोठे झालोय, आणि ते बरोबरच आहे. उपचारासाठी गावाहून आलेल्या कुटुंबांच्या राहण्याची सोय करणाऱ्या संस्था पुण्या-मुंबईत आहेत, त्यांच्यापैकी कुणाच्या आवारात, लेखी परवानगीने आणि तिथल्या डॉक्टरांना विचारून करा. इमारतीत जीपीएस चालत नाही, तेव्हा पावलं मोजायची: "तुळशीपासून उत्तरेला बारा पावलं, मग जिकडे पाण्याचा आवाज येतो तिकडे." पावलं कुणाची मोजायची यावर मुलांची भांडणं होतात, होऊ द्या. डब्यावर आत काय आहे आणि कुणाचा आहे ते मराठीत आणि हिंदीत ठळक लिहा. एवढं करूनही दुसऱ्या सकाळी डबा गायब असेल, कारण माळीकाकांनी झाडलोट करताना उचलून ऑफिसात जमा केलेला असतो. त्यांना आदल्या दिवशीच भेटा. माझ्या वेळी तर लपवायच्या जागाही त्यांनीच दाखवल्या, आणि चारही माझ्यापेक्षा चांगल्या होत्या.